फुटाण्यांचं खातं कुणाला दाखवू?

पत्र

ताई, नमस्कार. दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात माझं किराण्याचं दुकान आहे. गावाचं नाव छापू नका. दुकानात एक आजी रोज सकाळी यायच्या. वय ऐंशीच्या पुढे, तोंडात एक दात नाही. घेणं थोडंच, पावभर साखर, चहापत्तीची पुडी, कधी मुरमुरे. पण बाकड्यावर तासभर बसायच्या. शकुंतला रेल्वेत बसून मूर्तिजापूरकडे माहेरी जायच्या, त्या गोष्टी सांगायच्या. माझे वडील गेले तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, ताजवा धड धरता येत नव्हता. गावात मला पहिल्यांदा ‘मालक’ म्हटलं ते त्यांनीच. “काहून मालक, आज जेवले का नाई?” हे रोजचं.

गुढीपाडव्याला वावराच्या मक्त्याचे पैसे आले की त्यातले दोन हजार माझ्याकडे जमा ठेवायच्या. कुणाचं लेकरू वही घ्यायला आलं आणि पैसे कमी पडले, कुणी बाई तेल मागताना चाचरली, की आजी मागून डोळ्यानं खुणवायच्या. माह्या खात्यात लिही. काय लिहू विचारलं तर म्हणायच्या, “फुटाणे लिही.” म्हणून त्यांच्या पानावर सगळे फुटाणेच आहेत. “कोनाले सांगू नको” असं बजावून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर त्या गेल्या. पोरगा पुण्याकडे कंपनीत आहे, लेक हिंगणघाटला दिली आहे. तेरवीच्या दिवशी पोरगा दुकानात आला आणि विचारलं, आईचं काही देणं आहे का? मी नाही म्हटलं. देणं नव्हतंच. उलट ६४० रुपये जमा आहेत, पण ते मी सांगितलं नाही. सांगावंसंच वाटलं नाही. वर्षातून एकदा येणार, तेही दोन दिवस. आता रात्री झोप लागत नाही. बायको म्हणते, गिऱ्हाइकासाठी एवढं कोण रडते? दुकानात त्यांचा फोटो लावू का? त्यांचं खातं मीच पुढे चालवू का? पानाचा फोटो सोबत पाठवतो.

– एक दुकानदार

उत्तर

भाऊ, तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण आधी ते पान. मी ते बराच वेळ बघत बसले होते. वर जमा २,०००, आणि खाली एकाखाली एक: फुटाणे ३०, फुटाणे १२०, फुटाणे ८५, फुटाणे ४५. तोंडात दात नसलेल्या बाईनं वर्षभरात एवढे फुटाणे खाल्ले, असं तुमची वही शपथेवर सांगते आहे. मला हसू आलं, ते तुम्ही माफ कराल. आजी असत्या तर त्यांनाही आलं असतं.

तारखा पाहिल्या का तुम्ही? एप्रिल-मे जवळजवळ कोरा आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मात्र फुटाण्यांची रांगच लागली आहे. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जून संपता संपता उघडतात. आणि नेमकं तेव्हाच पेरणी असते. घरात असेल नसेल तेवढा पैसा सरकीच्या आणि सोयाबीनच्या पाकिटात, खताच्या पोत्यात गेलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, पण वह्या, पेन, कंपास घरूनच आणावा लागतो. पोट्टं दुकानात उभं राहतं आणि मुठीत तीस रुपये कमी असतात. बाकड्यावर बसून आजींनी हे किती पावसाळे बघितलं असेल! कोणत्या आठवड्यात कुणाच्या घरी काय नसतं, हे त्यांना पाठ होतं.

पुढे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दहा-दहा, वीस-वीसचे फुटाणे. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन दारोदार फिरणाऱ्या लेकरांचा तो बोजारा, म्हणजे बक्षिशी, असणार. त्यानंतर भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत थोडे थोडे, एक-दोन दिवसांआड. माझा कयास असा की हे तेवढे खरेच फुटाणे असावेत, पोरींच्या भुलाबाईच्या खिरापतीचे. आणि मध्येच सप्टेंबरात एकदम ४१०. ते काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मला सांगू नका. कुणालाच सांगू नका. याच्याकडे मी परत येणार आहे.

आता रडण्याचं. वहिनींचा प्रश्न मला वाईट वाटला नाही. त्या घाबरल्या आहेत. घरातला माणूस रात्री छताकडे बघत पडला, तर बायको असंच काहीतरी टोचून बोलते. तुम्ही त्यांना एकदा हिशेब सांगा. वडील गेल्यापासून तुम्ही सगळ्यात जास्त सकाळी कुणाबरोबर काढल्या? शटर वर केलं, झाडझूड केली, उदबत्ती लावली, की समोर कोण असायचं? एकवीस वर्षांच्या पोराला ताजवा धरता येत नसताना जी बाई ‘मालक’ म्हणाली, तिनं तुम्हाला नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. गाव ऐकत होतं. आजी मालक म्हणते म्हटल्यावर पोराला फसवायला निघालेला व्यापारीही एकदा विचार करतो. तुमच्या दुकानाचा पाया अर्धा वडिलांनी घातला असेल, तर अर्धा या बाकड्यावरून घातला गेला. अशा माणसाला गिऱ्हाईक म्हणायचं ते केवळ वहीत नाव आहे म्हणून.

पण तुमची अडचण खरी आहे. नातेवाइकाला सुतक असतं, राख सावडायला जाता येतं, तेरवीला पंगतीत वाढता येतं, येणारे-जाणारे जवळ बसतात. दुकानदाराला यातलं काहीच नाही. अंत्ययात्रा समोरून जाताना शटर अर्धं खाली ओढायचं आणि गेली की वर करायचं, एवढाच तुमचा दुखवटा. त्यानंतर लगेच कुणीतरी पाव किलो गूळ मागितला असेल आणि तुम्ही तो बांधून दिला असेल. त्या दिवशी बांधून ठेवलेलं आता रात्री सुटतं आहे. सुटू द्या. महिनाभरात झोप वळणावर आली नाही, जेवण तुटलं, दुकानात चित्तच लागेना, तर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांशी बोला, किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ती सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

पण झोप न लागण्याचं कारण फक्त दुःख आहे, असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. तुमचं एक वाक्य आहे: ‘सांगावंसंच वाटलं नाही.’ भाऊ, मी जरा कडू बोलते. ६४० रुपये तुम्ही आजींचा शब्द पाळायचा म्हणून लपवले नाहीत. ६४० रुपयांची तुम्हाला हावही नाही, ते तर पत्र वाचणाऱ्या कुणालाही कळेल. तुम्ही त्या पोराला शिक्षा केली. वर्षातून एकदा येतो ना, मग याला आईचं हे कळायलाच नको. आई माझी जास्त होती. असंच काहीसं मनात होतं ना?

रागावू नका. मला तो राग समजतो. खेड्यात मागे राहिलेल्या प्रत्येकाच्या पोटात तो थोडाफार असतो. म्हाताऱ्यांच्या गोळ्या-औषधं आपण आणायची, सिलिंडर आपण उचलून द्यायचं, आणि तेरवीला डोकं भादरून पुढे बसायचा मान पुण्याहून आलेल्याचा. पण जरा त्याच्या बाजूनंही बघा. तीन एकर कोरडवाहू वावरात दोन पिढ्यांचं भागत नाही, म्हणून आपल्या जिल्ह्यातली पोरं पुण्याच्या, चाकणच्या कंपन्यांत गेली. त्यातली कितीतरी कंत्राटावर आहेत, सुटी मागितली की हजेरी तुटते. दिवाळीत ट्रॅव्हल्सवाले भाडं किती चढवतात ते तुम्हाला मी सांगायला नको. चार माणसांचं येणं-जाणं म्हणजे पगाराचा मोठा लचका. तो कमी आला हे खरं, आजींना ते लागलंही असेल. पण त्यांनी कधी तुमच्यासमोर पोराची गाऱ्हाणी केली? केली असती तर तुम्ही पत्रात लिहिली असती, असं आपलं मला वाटतं.

आणि आणखी एक. तेरवीचा दिवस म्हणजे घरात केवढी धांदल! आचारी, पंगत, पाहुणे, भटजी. त्यातून उठून जो पोरगा स्वतः दुकानापर्यंत चालत येतो आणि ‘आईचं काही देणं आहे का’ विचारतो, तो वाया गेलेला नाही. त्याला विचारायची गरज नव्हती. वारसावर मेलेल्या माणसाचं देणं येतं ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, आणि किराण्याच्या पाच-पन्नास रुपयांसाठी तुम्ही पुण्यापर्यंत गेला नसता हेही त्याला माहीत होतं. तरी आला. ही सवय त्याला कुणी लावली असेल? तुम्ही जिच्यासाठी रडताय, तिनंच.

तेव्हा सांगायचं. सगळं सांगायचं, फक्त नावं सोडून.

‘कोनाले सांगू नको’ याचा अर्थ तुम्ही फार ताणलात. आजींना लपवायचं होतं ते घेणाऱ्यांचं तोंड. स्वतःचं पुण्य लपवणं त्यांच्या डोक्यात नसावं. ज्या बाईला तेलासाठी चाचरावं लागलं तिचं नाव गावात फिरू नये, म्हणून फुटाणे. वहीत खरं लिहिलं असतं तर उद्या वही तुमच्या पोराच्या हाती गेली असती, परवा उधारीचा वाद निघाला असता आणि कुणीतरी ते पान वाचलं असतं. शिकल्यासवरल्या माणसालाही सुचणार नाही अशी हुशारी आहे ही. म्हणून नावं तुमच्याबरोबरच जाऊ द्या. मुलानं विचारलं, वहिनींनी विचारलं, तरी नाही. ते ४१० कुणाचे होते हे तर मुळीच नाही. कोण बाई होती, कशासाठी होते, त्याचा नुसता अंदाजही देऊ नका. खेड्यात अंदाजाला पाय फुटतात.

पण खातं मुलांचं आहे. आईचं शिल्लक राहिलेलं धन कायद्यानंही त्यांचंच, आणि ‘त्यांचं’ म्हणजे फक्त पोराचं नव्हे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र केलेलं नसेल तर, विधवा बाईच्या मागे तिच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो. ६४० रुपयांसाठी कुणी कोर्टात जात नाही, ते सोडा. पण तुमच्या पत्रात लेक अर्ध्या ओळीत आली आणि गेली, ते मला खटकलं. तेरवीला तीही आली असेल. तिला कुणी विचारलं का काही? दिल्या घरच्या लेकीकडे निरोप नेहमी भावामार्फत जातो. या वेळी पहिला फोन हिंगणघाटला करा. नंबर नसेल तर पोराकडूनच घ्या, त्या निमित्तानं बोलायला सुरुवातही होईल.

बोलायचं कसं, हे अवघड वाटत असेल तर साधं ठेवा. ‘तेरवीच्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी पूर्ण सांगितलं नाही. आईचं देणं नाही, पण आईचे ६४० रुपये माझ्याकडे जमा आहेत, आणि ते कशाचे ते तुम्हाला सांगायचं आहे.’ मग पान दाखवा. फोनवर फोटो पाठवून मोकळे होऊ नका. पोरगा पुढच्या वेळी गावात आला की बाकड्यावर बसवा, चहा सांगा आणि पान समोर ठेवा. तो आधी गोंधळेल, आई फुटाणे कशी खात होती म्हणून. तिथून तुम्ही सांगायला लागा. आणि नुसतं खातं नको. शकुंतलेच्या गोष्टी सांगा. ती गाडी बंद पडली, आता यवतमाळ-मूर्तिजापूर रुळांवर झुडपं वाढलीत. आजी माहेरी निघायच्या तेव्हा डब्यात काय काय व्हायचं, हे त्या पोरानं कदाचित ऐकलंही नसेल. आया पोरांना कामाच्या गोष्टी सांगतात, गमतीच्या दुकानदाराला सांगतात. ‘तुम्ही यायला पाहिजे होतं’ हे वाक्य मात्र ओठावर आलं तरी गिळा. ते त्याला रोज रात्री कुणी न सांगता ऐकू येत असणार.

आता पुढे खातं चालवायचं का. इथे मी तुमच्या भावनेला थोडा लगाम घालणार आहे.

आजींचा पैसा रोख होता, पाडव्याला आधी जमा व्हायचा, नंतर खर्च व्हायचा. म्हणजे त्यांच्या दानाची मर्यादा त्यांनीच आधी बांधून ठेवली होती. तुम्ही चालवायला घेतलं तर ते तुमच्या नफ्यातून जाणार, आणि साखरेत, तेलात नफा किती सुटतो हे तुम्ही जाणता. शिवाय तुमची उधारी वेगळीच. सोयाबीन निघालं की दसरा-दिवाळीला थोडी येते, कापूस वेचून विकला की बाकीची, आणि भाव पडले किंवा बोंडअळी आली की पुढच्या सालावर जाते. खेड्यातली किराणा दुकानं बुडाली ती बहुतेक दया कमी पडली म्हणून नव्हे, मागायला लाज वाटली म्हणून. तुमचं दुकान बंद पडलं तर त्या बाया तालुक्याच्या मोठ्या दुकानात जातील, तिथे तीस रुपये कमी पडले तर सामान काउंटरवर काढून ठेवावं लागतं.

म्हणून चालवायचंच असेल तर आजींसारखं चालवा. पाडव्याला, वहिनींना विचारून, झेपेल तेवढी रक्कम वेगळी काढा. पाचशे असली तरी चालेल. संपली की संपली. जूनच्या शेवटासाठी त्यातले निम्मे राखून ठेवा, त्यांच्या पानानं एवढं तर शिकवलंच आहे.

यात एक बारीक गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती तुम्हाला कुठेतरी टोचत असावी. ज्या बाईला तेल मिळालं, तिला काय वाटलं असेल? पैसे आजींनी दिले हे तिला माहीत नाही. तिला वाटलं दुकानदारानं सोडून दिले. म्हणजे गावात तुमचं जे दिलदार म्हणून नाव आहे, त्यातलं थोडं आजींच्या पैशाचं आहे. परत करायला जाऊ नका, ते परत करता येत नाही, आणि गावाला खरं सांगायला गेलात तर पुन्हा त्या बायांचीच अडचण. राहू द्या ते नाव तुमच्यावर. आजींनी जाणूनबुजून तुमच्या नावावर टाकलं असेल, त्या बाईचा काही भरवसा नाही! एकवीस वर्षांच्या पोराला मालक करायचं तर अशीही एक रीत असते.

फोटो लावू नका. मला माहीत आहे तुम्हाला हे आवडणार नाही. पण हार घातलेला फोटो दुकानात लागला की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, यांचा का बरं? वडिलांचा समजू शकतो. तुम्ही पहिल्यांदा टाळाल, दुसऱ्यांदा टाळाल, चौथ्यांदा कुणी जवळचा माणूस विचारेल आणि तुम्ही अर्धं सांगाल. मग तेल नेलेली बाई दुकानात आली की आधी फोटोकडे बघेल. शिवाय घरच्यांना विचारल्याशिवाय असा फोटो लावणं म्हणजे पुन्हा पोराशी तीच स्पर्धा, माझी जास्त होती. काही करावंसंच वाटत असेल तर गावात सायंकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तिथे एक दिवस उभे राहा आणि दोन शब्द बोला. एकवीस वर्षांच्या पोराला मालक म्हटलं, एवढंच सांगा. गावाला तेवढं पुरे आहे. आणि पुढच्या भुलाबाईला पोरींच्या खिरापतीचे फुटाणे तुमच्याकडून द्या, ते खरेखुरे फुटाणे म्हणूनच वहीत लिहिता येतील.

बाकडा हलवू नका, हे मी सांगायची गरज नाही. पण रिकामाही ठेवू नका. कुणी बसलं तर बसू द्या.

राहिले ६४० रुपये. पोरगा आणि लेक घेतो म्हणाले, तर दोघांत सारखे वाटून द्या आणि पानाखाली ‘खाते बंद’ लिहून तारीख टाका. ठेवा म्हणाले, बहुतेक असंच म्हणतील, तर आजींच्या पानावर ओढून नेऊ नका. नवं पान काढा, वर दोघा भावंडांची नावं लिहा, जमा ६४० टाका. आणि खर्चाच्या रकान्यात काय लिहायचं, हे त्या दोघांनाच विचारा.

– तुमची ताई